अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका आपले मूळचे केस का लपवतात? आता तरी समाजानं ते स्वीकारलेत का?

प्रश्न वाचून आधी तुमचाच राग आला. मग आठवलं की आठ वर्षांपूर्वी जवळपास हाच प्रश्न मी माझ्या वहिनीला विचारला होता, तोही लग्नाला चार दिवस असताना, साताऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात, करंज्या भरता भरता. त्यामुळे तुम्हाला माफ. पण 'लपवतात' हा शब्द काढा. 'लपवायला लावतात' म्हणा, आणि लावणाऱ्यांत मीही होते म्हणून एवढं लिहितेय.

दादा अटलांटाला असतो. वहिनी तिथलीच, कृष्णवर्णीय, शिक्षणानं फार्मसिस्ट. कोर्टमॅरेज तिकडे झालेलं, पण आईला अक्षता टाकायच्याच होत्या म्हणून २०१७ च्या मे महिन्यात इकडे पुन्हा लग्न लावलं. वहिनीच्या डोक्याला लॉक्स आहेत. म्हणजे तुम्ही ज्याला ड्रेडलॉक्स म्हणता ते, पण त्यातला 'ड्रेड' तिला आवडत नाही, त्याचा अर्थ भीती असा आहे ना, तर नुसतं लॉक्स म्हणायचं. केसांचे घट्ट वळलेले दोर, बारीक करंगळीएवढे, पाठीच्या मध्यापर्यंत आलेले, शंभराच्या वर असतील.

तर मी काय केलं, साताऱ्यातल्या एका पार्लरमध्ये नवरीसाठी स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ-गुळगुळीत करायची ट्रीटमेंट, बुक केलं, दोन हजार ॲडव्हान्स भरून. तिला न विचारता. मला वाटलं सरप्राइज. पार्लरवाल्या ताईंनी फोटो मागितला, मी दादाच्या फेसबुकवरचा पाठवला, तर पाच मिनिटांत त्यांचा फोन, "ताई हे आमच्याकडं नाही हो होणार, हे उकलत नसतात, कापावंच लागतंय." मला हे माहीतच नव्हतं. मला वाटलेलं वेण्यांसारखे असतील, सोडले की सुटतील. ॲडव्हान्स परत मिळाला नाही ते वेगळंच.

मग मी दुसरी अक्कल पाजळली. म्हटलं तुमच्याकडच्या बायका विग घालतातच ना, मग एक दिवस घाल की. ती हसली आणि करंजीची कड दुमडता दुमडता म्हणाली (करंज्या मात्र तिला माझ्याहून बऱ्या जमत होत्या) की कॉलेजात असताना मी तुमच्याच देशातल्या देवळातले केस डोक्यावर शिवून घेतलेत, अर्ध्या महिन्याचं भाडं गेलं होतं त्यात. शिवून म्हणजे खरंच शिवून. आपले केस डोक्यालगत घट्ट वेण्यांत गुंफायचे आणि त्यावर वाकड्या सुईनं परक्या केसांची पट्टी टाके घालून बसवायची. तिरुपतीला लोक मुंडण करतात त्या केसांचा लिलाव होतो हे मला माहीत होतं, पण ते पुढं कुठं जातात याचा विचार कधी केला नव्हता. नंतर अटलांटाच्या दुकानात भिंतभर पाकिटं टांगलेली बघितली, 'शंभर टक्के इंडियन' असं लिहिलेली. आपल्या बायका नवस फेडायला केस देतात आणि तिकडच्या बायका इंटरव्ह्यूला जायला विकत घेतात.

आणि विग म्हटल्यावर नाकं मुरडणाऱ्यांसाठी सांगते, त्या लग्नात आमच्या मोठ्या काकूंच्या अंबाड्यात हातभर गंगावण होतं. याच काकू माझ्या कानाशी येऊन विचारत होत्या, "तिचे ते खरे आहेत का गं, का चिकटवलेत?"

काकूंचं मुख्य म्हणणं मात्र वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, जट आहे ही. यल्लम्माची जट घेऊन कुणी बोहल्यावर उभं राहतं का. आमच्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको, पोरीच्या केसात गुंता झाला, जट धरली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं, कंगवा लावायचा नाही, कातर तर नाहीच, आणि पुढे कित्येक पोरी याच पायी देवीला सोडल्या गेल्या. घरात दोन तट पडले. एक काकूंचा, अपशकुनवाला. आणि दुसरा बाबांच्या एका मित्राचा, ते तर आणखी भारी. हे काका कित्येक वर्षं जट सोडवायचं काम करत होते, दाभोलकरांच्या गावातले शेवटी, बायकांना समजावून समजावून स्वतःच्या हातानं जटा कापलेल्या. त्यांनी वहिनीला बघितलं आणि अगदी कळवळून बाबांना म्हणाले, "पोरीला घाबरवू नका, मी संध्याकाळी कातर घेऊन येतो, काही दुखत नाही."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वहिनीनं मला विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं. मला वाटलं आता ही सूटकेस भरते. तर तिनं काकांना बसवून घेतलं आणि माझ्यामार्फत विचारायला लागली, कुठल्या पोरींना होते, कापायला का घाबरतात, कापल्यावर त्या काय म्हणतात. तासभर चाललं ते, मध्ये दोनदा चहा झाला. मग तिनं आपलं सांगितलं. सात वर्षांची असताना ईस्टरच्या आदल्या दिवशी आईनं पहिल्यांदा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं रसायन, लावला, कानाला आणि कपाळाला आधी व्हॅसलीन चोपडून. त्यात बऱ्याचदा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, तुंबलेलं बेसिन मोकळं करायला टाकतात तो. डोकं आग आग व्हायला लागलं तरी हलायचं नाही, जितकं सोसशील तितके सरळ होतील. टाळूला खपल्या धरल्या. आई दुष्ट होती का, तर नाही, तिला माहीत होतं की केस असेच राहिले तर पोरीला पुढे कुणी नोकरीवर उभं करणार नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी नवे केस उगवले की पुन्हा तेच, असं चोविसाव्या वर्षापर्यंत. मग एका रात्री बाथरूममध्ये सगळे कापून टाकले, बिग चॉप म्हणतात त्याला, आणि उरलेल्या बोटभर केसांतून हे लॉक्स सुरू केले.

शेवटी तिनं एक लॉक काकांच्या हातात दिला. काकांनी तो चष्मा वर करून बघितला, मुळापाशी बघितलं, वास घेतला (हो, खरंच घेतला) आणि म्हणाले, "ह्याला मूळ स्वतंत्र आहे. आणि धुतलेलं आहे की हे." तोच फरक आहे. जट म्हणजे न धुता, न विंचरता, भीतीपोटी वाढू दिलेला एक गोळा. लॉक्स दर आठवड्या-दोन आठवड्यांनी शांपूनं धुतात, महिना-दीड महिन्यानं प्रत्येकाचं मूळ हातानं पिळून घ्यावं लागतं, भांग कसे पडलेत त्यावर सगळं अवलंबून, चार-पाच तास मोडतात. काकांनी हात जोडले. कातर आणली नाही.

काकू मात्र हलल्या नाहीत. मग तडजोड म्हणून दादाच म्हणाला, एक दिवसाचा प्रश्न आहे, डोक्यावरून पदर घे, आमच्याकडे घेतातच. तेव्हा वहिनी पहिल्यांदा चिडली. म्हणाली १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं, मिरो नाव त्याचं, फर्मान काढलं होतं की काळ्या आणि मिश्र वंशाच्या बायकांनी, त्या गुलाम नसल्या तरी, केस फडक्यानं बांधून ठेवायचे, कारण त्यांच्या केशरचना बघून गोऱ्या बायकांना जड जायला लागलं होतं. त्या फडक्याला टिन्यॉन म्हणायचे. त्या बायकांनी पुढे तीच फडकी अशी रंगीत आणि दागिने खोचून बांधली की फर्मानच हास्यास्पद झालं. "सगळ्या बायका पदर घेणार असतील तर मीही घेते," म्हणाली, "फक्त माझ्यासाठी असेल तर नाही." दादा गप्प. मी पण. आईनं पीठ मळणं थांबवून एवढंच विचारलं, "खोपा घालता येईल का गं यांचा?"

आला ना घालता. गंगावण नको, जाळी नको, आत भरण नको. आणि गजरा! माझ्या सरळ बुळबुळीत केसांवरून गजरा अर्ध्या तासात मानेवर येतो, दहा आकडे खोचले तरी. तिच्या खोप्यावर चार पदरी मोगरा सकाळी सातला माळला तो रात्री वरातीपर्यंत सुतभर हलला नाही. मुंडावळ्यासुद्धा घट्ट. फोटो आहेत माझ्याकडे, काकूंना दर वर्षी वाढदिवसाला पाठवावेसे वाटतात.

बरं, तुमचा दुसरा प्रश्न, स्वीकारलेत का. निम्मेशिम्मे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये काम करणाऱ्या रेने रॉजर्स या बाईनं, डोक्यालगतच्या वेण्या, कॉर्नरोज, घालायला कंपनीनं बंदी केली म्हणून खटला भरला आणि १९८१ मध्ये हरली. कोर्टाचं म्हणणं, वेण्या काय, बदलता येतात. २०१० मध्ये अलाबामात चॅस्टिटी जोन्सला नोकरी देऊ केली आणि लॉक्स कापायला नाही म्हणाली म्हणून काढून घेतली. तीही २०१६ मध्ये हरली, वहिनीच्याच शहरात बसणाऱ्या अपील कोर्टात. हे लग्नाच्या आदल्या वर्षी. तेव्हा ती एका नोकरीच्या खटपटीत होती आणि तिची आई फोनवर रोज एकच विचारायची, इंटरव्ह्यूपुरता तरी विग घालशील ना. आता पुन्हा वाचा तुमचा प्रश्न.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं पहिल्यांदा क्राउन ॲक्ट केला, म्हणजे आफ्रो (मोकळे फुललेले कुरळे केस), वेण्या, ट्विस्ट (दोन-दोन बटांचे पीळ), लॉक्स यावरून नोकरीत नि शाळेत भेदभाव करायचा नाही. मग न्यूयॉर्क, न्यूजर्सी करत वीसच्या वर राज्यांत आला. देशभरासाठीचं बिल २०२२ मध्ये खालच्या सभागृहात पास होऊन सिनेटमध्ये अडकलं. आणि कायदा आला तरी पळवाटा असतातच. टेक्सासमध्ये तो २०२३ च्या सप्टेंबरात लागू झाला, त्याच सुमाराला ह्यूस्टनजवळच्या एका शाळेनं एका मुलाला लॉक्सवरून वर्गाबाहेर काढलं, आणि पुढच्या वर्षी कोर्ट म्हणालं की कायद्यात केसांच्या प्रकाराबद्दल आहे, लांबीबद्दल काही नाही. फक्त अमेरिकाच नाही, २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या सरकारी शाळेत पोरींना स्वतःच्या आफ्रोसाठी निदर्शनं करावी लागली. आफ्रिकेत! सगळ्या जगाचे केस जिथून आले तिथं.

सरळ केस ज्यांना मनापासून आवडतात त्यांनी करावेत, माझं काही म्हणणं नाही. वहिनीची सख्खी बहीण दर महिन्याला वेगळा विग घालते आणि झकास दिसते. मी काही त्यांच्यातली नाही, मी जे सांगतेय ते एका घरातलं आहे, दुसरीला विचाराल तर ती वेगळं सांगेल. फक्त रिलॅक्सरचं एवढं बघून ठेवा की अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये छापलंय, केस सरळ करायची रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या बायकांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा अंदाज ४.०५ टक्के आला, न वापरणाऱ्यांमध्ये १.६४. रसायनामुळेच होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि ज्यांना होतो त्या कमीच, पण सात वर्षांच्या पोरीच्या डोक्याला मी तरी लावणार नाही.

पोरीवरून आठवलं. २०१९ मध्ये भाची झाली तेव्हा मी तीन महिने तिकडे होते, आता ती सहा वर्षांची आहे. तिचे केस स्प्रिंगसारखे, एक बट ओढली तर खांद्यापर्यंत येते आणि सोडली की टुणकन कानाशी. आईनं गेल्या वेळी सवयीनं कोरड्या केसात वरून फणी घातली तर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. आता आईला जमतंय, चार भाग करायचे, पाण्याचा फवारा, भरपूर कंडिशनर, आधी बोटांनी टोकाकडून सोडवत वर यायचं, मग मोठ्या दातांचा कंगवा. दोन कार्टून होतात तेवढ्यात. जावळाच्या वेळीही मजा झाली होती. वहिनी जावळ काढायला आनंदानं तयार होती, तेवढ्यात काकू व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "काढा काढा, पुन्हा सरळ येतील." दादानं भाषांतर केलं आणि जावळ रद्द.

तर सल्ला काय, ऑफिसात कुणी अशी बाई असेल तर हात लावू का म्हणून विचारू नका, हे खरे का म्हणून तर नाहीच. आणि घरात असेल तर तिच्या नवऱ्याला आधी सुधरा. आमच्या दादासारखे लोक स्वतः काही वाईट बोलत नाहीत हो, पण 'एक दिवसाचा प्रश्न आहे' हे वाक्य त्यांना कुठून सुचतं आणि तो एक दिवस नेहमी तिच्याच वाट्याला का येतो, याचं उत्तर मला आठ वर्षांत मिळालेलं नाही.

पुढच्या महिन्यात काकूंच्या धाकट्याचं लग्न आहे, सगळे येतायत. परवा फॅमिली ग्रुपवर काकूंचा मेसेज आला, "येताना पोरीचे केस जरा बसवून आणा, फोटो चांगले येतात." मी चार वेळा उत्तर टाइप करून खोडलं. दादानं त्या मेसेजला अंगठा दिलाय. वहिनी गेल्या वर्षीपासून देवनागरी वाचायला लागली आहे, सावकाश, जोडाक्षरांशी अडखळत, पण वाचते. दादा हे विसरला असावा.