महसुलाचा अंदाज बांधायला कसे शिकवावे?

प्रश्न : अर्थसंकल्पातील कर-महसुलाचा अंदाज आणि वर्षअखेरची प्रत्यक्ष जमा यांत तफावत पडते. करधोरण आखणाऱ्या आणि असे अंदाज बांधणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात नेमके काय शिकवावे?

उत्तर : थोडी तफावत अटळच असते, मात्र ती कशामुळे पडली, हे अधिकाऱ्याला सांगता आले पाहिजे, आणि प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ त्यासाठीच दिला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षीच्या जमेत ठरावीक टक्के मिळवण्याची रीत दर स्थिर असेपर्यंत निभावते. दर बदलला की ती कोलमडते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुद्रांक शुल्कातील सवलतीइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईतील घरखरेदीवरचे शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्के झाले, जानेवारी ते मार्च 2021 या काळात ते 3 टक्के होते आणि एप्रिलपासून पूर्ववत झाले. 50 लाखांच्या सदनिकेवर अडीच लाखांऐवजी एक लाखच जमा होणार, म्हणजे तेवढाच महसूल टिकवायला व्यवहारांचे एकूण मूल्य अडीचपट व्हायला हवे, हे गणित कोणीही मांडेल. खरी कसोटी पुढे आहे. वाढलेल्या दस्तांपैकी सवलतीमुळेच झालेले किती, आणि एरवीही पुढच्या वर्षी झालेच असते पण मुदत साधण्यासाठी अलीकडे ओढले गेले ते किती? शिवाय डिसेंबरअखेर शुल्क भरून दस्त पुढील चार महिन्यांत नोंदवता येत असल्यामुळे पैसा एका महिन्यात आणि नोंदणी दुसऱ्याच महिन्यात, असे चित्र तयार झाले. त्यात एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले, त्यामुळे त्या महिन्यातील घट केवळ सवलत संपल्याच्या माथी मारणेही चुकीचे ठरेल.

ही गुंतागुंत व्याख्यानाने उलगडत नाही. प्रशिक्षणार्थींच्या हाती दुय्यम निबंधक कार्यालयांची महिनावार आकडेवारी द्यावी, वित्त विभाग, नोंदणी विभाग आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांतील अधिकाऱ्यांना एकाच गटात बसवावे आणि प्रत्येक गृहीतक लेखी मांडायला लावावे. वर्ष संपल्यावर त्याच गटाला पुन्हा बोलावून प्रत्यक्ष जमेशी पडताळणी करून घ्यावी. कोणते गृहीतक फसले, हे त्यांनी स्वतःच शोधून टिपणात नोंदवावे आणि ते टिपण पुढच्या तुकडीला अभ्यासासाठी द्यावे.