ठाण्यात जुन्या फ्लॅटचं किचन तोडायचंय, कोटेशनसाठी कॉन्ट्रॅक्टरला कुठले फोटो पाठवू?

प्रत्येक भिंतीचा समोरच्या कोपऱ्यातून, जमिनीपासून सिलिंगपर्यंत दिसेल असा फोटो काढा आणि जे तोडायचंय त्यावर आधी खडूने फुली मारा. मी इथे अशी कामं घेतो, नुसते टाइल्सचे क्लोजअप आले की रेट अंदाजानेच द्यावा लागतो. दाराच्या चौकटीपाशी टेप धरून भिंतीची जाडी दाखवा, ४ इंचीपेक्षा ९ इंची भिंतीचं डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) दुपटीहून जास्त निघतं, आणि लिफ्ट, जिना, खाली टेम्पो कुठे लागेल तेही घ्या कारण डेब्रिजच्या गोण्या उतरवायची मजुरी लोक हमखास विसरतात. बीम, कॉलम, पाण्याचा मेन कॉक, स्विचबोर्ड दिसू देत. फक्त कुठली भिंत पाडता येईल हे फोटोवरून ठरवू नका, ते स्ट्रक्चरल इंजिनीअरला घरी आणूनच दाखवा.