अंड्याच्या टरफलांपासून चुंबकीय नॅनोकण कॉलेजात बनतील का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी टरफलं किंवा शिंपले वापरून चुंबकीय हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडांत असतं तसं कॅल्शियम फॉस्फेट, सोबत लोखंडाचे चुंबकीय कण) बनवायचं आणि ते कॅन्सरच्या उपचारात वापरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. बनेल, नक्की बनेल. उपचाराचं मात्र सध्या डोक्यातून काढा.

पुण्यात असाल तर शिंपल्यांमागे धावू नका. तिसऱ्यांची टरफलं मासळीबाजारात मिळतील, पण त्यांत समुद्रातले जड धातू असू शकतात, म्हणजे प्रत्येक खेप तपासणं आलं. कुठल्याही भुर्जीच्या गाडीवर अंड्याची टरफलं फुकट मिळतात, आणि त्यांतही साधारण 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेटच असतं. धुऊन, वाळवून, दळून 900 अंशांवर भाजा. 100 ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमागे जास्तीत जास्त 56 ग्रॅम कळीचा चुना हाती येतो. तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्यामुळे ताजाच वापरा.

10 ग्रॅम चुन्याला साधारण 14 ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट लागतं. (खताच्या दुकानातलं डीएपी नको, त्यात काय काय असतं ते विचारू नका.) अमोनियाचा भपका येतो, म्हणून फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. सामू 10च्या आसपास ठेवा.

खरी गोम लोखंडात आहे. फेरस आणि फेरिक क्षार थेट फॉस्फेटच्या द्रावणात ओतले तर लोखंडाचं फॉस्फेट होऊन बसतं आणि चुंबकाला काहीच चिकटत नाही. त्यामुळे मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) आधी वेगळं बनवा: फेरसच्या दुप्पट फेरिक, अमोनिया, आणि वर नायट्रोजन. ते धुऊन पाण्यात कालवलेल्या चुन्यात ढवळत ठेवा, फॉस्फेटचं द्रावण हळूहळू घाला आणि त्याच्याभोवती अ‍ॅपेटाइट वाढू द्या. शेवटी 60–80 अंशांवर नुसतं वाळवा. स्फटिक नीट व्हावेत म्हणून पुन्हा भट्टीत घालायचा मोह होतो. हवेत जास्त तापवलं तर मॅग्नेटाइटचं हेमटाइट होतं, काळी पूड तांबडी पडते आणि चुंबकत्व जवळपास जातं.

बाटलीला चुंबक लावून पूड सरकली, एवढ्यावर खूश होऊ नका. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (लोखंडाचं दुसरं चुंबकीय ऑक्साइड) यांची शिखरं जवळजवळ एकाच जागी येतात. चुंबकत्व किती ते दाखवायला व्हीएसएमचा (चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाचा) आलेखही लागेलच. ही उपकरणं तुमच्या कॉलेजात नसतील तर विद्यापीठात किंवा पुण्यातल्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर या संशोधन संस्थांमध्ये बाहेरचे नमुने घेतात का आणि दर काय, ते पहिल्याच महिन्यात विचारा. परीक्षेच्या तोंडावर रांग लांबते.

'नैसर्गिक कचऱ्यापासून, म्हणून सुरक्षित' हे वाक्य प्रबंधात टाकू नका. 900 अंशांवर कोंबडीचं काही उरत नाही, उरतो तो चुना. मेंदूतल्या गाठीवर लोहकणांनी उष्णता देण्याच्या उपचाराला युरोपात 2010 साली मान्यता मिळाली, पण त्यामागे वर्षानुवर्षांच्या चाचण्या होत्या. तुमच्या पातळीवर पेशींवरची विषारीपणाची एक चाचणी जमली तर उत्तम. नाही जमली तर याच पुडीने पाण्यातलं फ्लोराइड किंवा शिसं किती निघतं ते मोजा. तेवढ्यात प्रकल्प नीट उभा राहतो.