‘आनंदघन’ म्हणजे कोण?

प्रश्न : ‘साधी माणसं’मधलं ‘ऐरणीच्या देवा तुला’ लागलं की आमची आई हातातलं काम सोडून बसते. त्याचे संगीतकार आनंदघन म्हणजे कोण? तुम्हालाही या गाण्यावरून काही आठवतं का? – एक वाचक, सेलू

उत्तर : ताई, आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर. भालजी पेंढारकरांच्या १९६५ सालच्या या सिनेमाला त्यांनी त्या नावानं संगीत दिलं, आणि हे गाणं गायल्याही त्याच.

आठवण म्हणाल तर जिंतूरकडचं आमचं गाव. मृग तोंडावर आला की आजोबा वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, पाजवायला मला लोहाराकडं पिटाळायचे. नंबर लागेपर्यंत पोरांनी भाता ओढायचा, हा तिथला रिवाजच. लोहार सांडशीत लालबुंद पास धरायचा, समोरून लोहारीण घण घालायची. त्याचा हातोडा नि तिचा घण एकाआड एक, कधी चुकायचा नाही. खुंटीला रेडिओ, त्यावर परभणी केंद्र. हे गाणं लागलं की ती फणकारायची, “लताबाईला काय जातंय म्हणायला! एक दिवस घण उचल म्हणावं.” आणि लगेच मला, “ए पोरा, आवाज वाढीव की जरा!”