वाचकांचे प्रश्न : एड (आर्थिक मदत) मागितली तर अ‍ॅडमिशन जाते का?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, पगार २८ हजार. मुलगी अकरावी सायन्सला आहे, अभ्यासात लई हुशार, तिला बारावीनंतर अमेरिकेत शिकायचंय. एक कन्सल्टंट म्हणतात, फॉर्ममध्ये आर्थिक मदत हवी का विचारतात तिथं ‘नाही’ टाका, ‘हो’ टाकलं की अर्ज बाजूला पडतो, एकदा अ‍ॅडमिशन झाली की स्कॉलरशिपचं नंतर बघू. त्यांची फी दीड लाख. काय करावं?

उत्तर : दादा, आधी हे ऐका, तिथं ‘नाही’ टाकू नका. बाकी सगळं नंतर.

मागे पूर्व भागातले एक वडील माझ्याकडे आले होते, हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात पोराचं अ‍ॅडमिशन लेटर. त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. वर्षाचा खर्च ८४ हजार डॉलर, आणि खाली दोन ओळीत लिहिलेलं की अर्ज करताना एड मागितली नाही म्हणून चारही वर्षं मागता येणार नाही. ते म्हणाले रुपयात लिहून द्या, मी ८५ च्या भावाने हिशेब करून ७१ लाख ४० हजार लिहिलं, ते बराच वेळ बघत बसले आणि मग त्या कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. पोरगा आता इथंच इंजिनिअरिंग करतोय, चांगलं करतोय, पण ती जागा गेली ती गेलीच. परदेशी विद्यार्थ्यांसाठी हा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

तुमचे कन्सल्टंट अर्धं खरं बोलतायत, तेही सांगतो. अमेरिकेत बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत ‘नीड-अवेअर’ असतात, म्हणजे निवड करताना हिला किती पैसे द्यावे लागतील हेही बघतात आणि त्याने चान्स कमी होतो हे खरंच आहे. पण जिथली फी भरताच येणार नाही तिथली अ‍ॅडमिशन घेऊन करायचं काय? आणि थोडी कॉलेजं ‘नीड-ब्लाइंड’ आहेत, परदेशी मुलांनाही, तिथं एड मागितली म्हणून अर्ज मागे पडत नाही, आणि निवड झाली की घरच्यांना झेपत नाही तेवढा सगळा खर्च कॉलेज उचलतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावं, २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आली, नंतर ब्राउन आणि नोत्र दामही. ही मदत मुख्यतः ग्रँट असते, म्हणजे परत फेडायची नसते. अवघड गोष्ट एवढीच की यातल्या बऱ्याच ठिकाणी १०० अर्जांमागे चार-पाच जणांनाही जागा मिळत नाही. म्हणून यातली दोन-तीन आणि नीड-अवेअर पण निवडलेल्या मुलाचा पूर्ण खर्च भागवणारी पाच-सहा अशी यादी करा, विल्यम्स त्यातलंच. शिवाय इकडच्या कॉलेजांचे एक-दोन फॉर्म भरून ठेवाच. फॅफ्सा नावाचा फॉर्म कुणी भरायला सांगितला तर सोडून द्या, ती अमेरिकन सरकारची मदत आहे, आपल्या मुलांना मिळत नाही.

आकड्याला भुलू नका. एका कॉलेजने ४० हजार डॉलरची स्कॉलरशिप दिली आणि खर्च ८५ हजार असेल तर उरलेले ४५ हजार, म्हणजे ८५ च्या भावाने वर्षाला ३८ लाख, तुम्हालाच भरायचे. किती दिले ते नंतर बघा, आधी किती उरले ते बघा, आणि त्यात जेवण, होस्टेल, इन्शुरन्स, विमानाचं तिकीट धरलंय का तेही विचारा. कॉलेज जे देणार ते आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर, छापून येतं, व्हिसाच्या वेळी तोच कागद कामाला येतो. तिकडं काम करून भरू असंही धरू नका, कॉलेज चालू असताना कँपसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात वरखर्च निघतो, फी निघत नाही.

दीड लाख देऊ नका. प्रवेशाची ‘गॅरंटी’ तर कुणीच देऊ शकत नाही. अमेरिकन सरकारचं एज्युकेशनयूएसए म्हणून सल्ला केंद्र आहे, मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या ऑफिसात, त्यांची ऑनलाइन सत्रंही असतात, आधी मुलीला तिथं बसवा. आणि अकरावीतच सुरुवात करा, कारण नेहमीच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी बारावीच्या वर्षातल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरायच्या आत सगळं गेलेलं पाहिजे.

प्रश्न : घरी चार लूम आहेत, वडील मजुरीवर विणतात, पैसे रोख. आई विड्या वळते. रिटर्न भरलेला नाही. एडच्या फॉर्ममध्ये उत्पन्न दाखवायचं कसं?

उत्तर : जसं आहे तसंच दाखव, यात लाजायचं काहीच नाही बाळा. बऱ्याच कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या पैशाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म, लागतो, त्यात आकडे रुपयात भरता येतात, डॉलर करत बसू नको. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, दोघांची पासबुकं, मालकाकडून मजुरीचं सहीचं पत्र, आईचं विडी कामगार ओळखपत्र, लाइटबिलं, हे गोळा कर आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोड. रिटर्न नाही म्हणून वडिलांच्या सहीने एक पत्र लिही, सुगीत किती येतात, मंदीत लूम बंद असले की किती येतात, घर कसं चालतं. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त दिसला तर ते विचारतात, म्हणून भिशी उचलली असेल, मामाने उसने दिले असतील तर तेही लिही. दाखल्यावरचा आकडा आणि फॉर्ममधला आकडा वेगळा येणार असेल तर का ते आधीच सांगून टाक. प्रोफाइलला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे १६ लागतात, भरण्याआधी प्रत्येक कॉलेजला ईमेल करून फी माफी मिळेल का विचार, काही जण फुकटचा दुसरा फॉर्म चालवून घेतात.

प्रश्न : बीई शेवटच्या वर्षाला आहे, एमएसला अशीच एड मिळते का?

उत्तर : नाही, ही सगळी पदवीची गोष्ट झाली. एमएसला बहुतेक जण कर्ज काढूनच जातात. पीएचडीला मात्र फी माफ होऊन महिन्याचा स्टायपेंड मिळतो, त्या बदल्यात शिकवण्याचं नाहीतर रिसर्चचं काम असतं, ती आवड असेल तर थेट पीएचडीला अर्ज कर. इकडून जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासूनचं, ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे, जाहिरात पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून निघते, दाखले आत्तापासून काढून ठेव.