गाठीपासून नको, त्याआधीपासून सुरू कर

प्रिय मुली,

तुझा पीएच.डी.चा आराखडा नीट वाचला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ५० गाठी आणि ५० निरोगी बायकांचं रक्त घ्यायचं, दोन्हींचा डीएनए वाचून ताडून पाहायचा आणि मराठवाड्यातल्या बायकांना हा आजार कोणत्या जनुकांमुळे होतो ते शोधायचं. विषय तू मनापासून निवडला आहेस, तो सोडू नकोस. पण सुरुवात तू आजाराच्या शेवटाकडून केली आहेस. अजून एकही नमुना घेतलेला नाही, तोवरच हे सांगायला हवं.

या आजाराचं मूळ आपल्याला ठाऊक आहे. हाराल्ड त्सूर हाउजेन यांच्या प्रयोगशाळेला १९८३ मध्ये गाठीत एचपीव्ही या लैंगिक संबंधातून लागणाऱ्या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. विषाणूचं ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ या प्रथिनाचा नाश घडवतं आणि ई७ हे आरबी या दुसऱ्या प्रथिनाला निकामी करतं. डीएनए बिघडलेल्या पेशीला पी५३ थांबवतं, आरबी पेशीविभाजनाला लगाम घालतं. दोन्ही गेल्यावर पेशी वाढतच राहते. इतर अनेक कॅन्सरांमध्ये पी५३ चं जनुकच मोडलेलं सापडतं. इथे ते बहुतेक वेळा शाबूत असतं, कारण मोडण्याचं काम विषाणूच करतो.

आता हे बघ. ज्या बायकांना हा विषाणू लागतो, त्यांतल्या बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, आणि त्यांच्यातल्याही काहींनाच पुढे दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. मग खरा प्रश्न असा की एकीचं शरीर त्याला हुसकावतं आणि दुसरीचं का नाही? गाठीत याचं उत्तर मिळणार नाही. गाठ म्हणजे जिथे विषाणू जिंकला तेवढाच भाग. तुझ्या ५० निरोगी बायकांमध्येही कितीतरी जणी अशा असतील की ज्यांना तो कधी लागलाच नाही. त्या तुझ्या तुलनेच्या कामाच्या नाहीत. विषाणू लागून निघून गेला त्या बायका तुला हव्यात.

तुलनेबद्दल आणखी एक. निरोगी बायका संभाजीनगरात, विद्यापीठाच्या आसपास शोधायच्या आणि रुग्ण मात्र धारूर-वडवणीच्या वाड्यावस्त्यांवरचे, असं अजिबात करू नकोस. आपल्याकडे लग्नं जातीतच होतात, मामाची मुलगी करण्याची रीतही अजून आहे. समाजासमाजात जनुकांचं प्रमाण वेगळं असतं. गट जुळले नाहीत तर तुला जे सापडेल तो आजाराचा फरक नसेल, समाजाचा असेल, आणि कागदावर तो अगदी खरा दिसेल. गाव तेच, समाज तोच, वय जवळपासचं, असंच घे. शरीराला परका विषाणू ओळखायला मदत करणाऱ्या एचएलए जनुकांची तर हजारो रूपं आहेत. ५० जणींमध्ये त्यातलं काहीतरी योगायोगानेही उठून दिसणारच.

आता उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, अभ्यासाकडे येते. तू कळंब तालुक्यातली, आणि तुझ्या संदर्भयादीत तो नाही याचं मला वाईट वाटलं. १९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि लिआँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही डीएनए चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्याची गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा डीएनए चाचणीच्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या होत्या, आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. बाकीच्या दोन पद्धतींना असा ठाम फरक दाखवता आला नाही. हे २००९ मध्ये छापून आलं आणि डीएनए चाचणीच्या बाजूचा मोठा पुरावा म्हणून जगभर त्याचा आधार घेतला जातो. तो पुरावा कळंब, भूम, परांड्याकडच्या बायकांनी दिलेला आहे.

तो निबंध वाचताना चौथ्या गटाचा रकाना घाईने ओलांडू नकोस. त्या बायकांना तपासणी मिळाली नाही, आणि यावरून पुढे कडाक्याचा वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: ज्या तपासणीने जीव वाचतो हे ठाऊक आहे, ती तुझ्या अभ्यासातल्या एकाही बाईला नाकारायची नाही. आज त्याची गरजही नाही.

त्याच निबंधातून तुझा हिशेब मांड. तिथे तपासलेल्या दर १० बायकांमागे साधारण एकीला विषाणू सापडला. तुला ३०० बाधित बायका पाहिजेत तर ३,००० तपासायला लागतील. हे एकट्या विद्यार्थिनीचं काम नाही. तपासणी चालू असलेल्या रुग्णालयाशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडून घे, आशाताईंना आधी भेट. मग बाधित बायकांना वर्षाने पुन्हा तपास आणि प्रकार ओळखणारी चाचणीच वापर. आधी १६ होता आणि नंतर ३१ सापडला तर तो टिकून राहिलेला विषाणू नव्हे, तो नवा संसर्ग. तेवढ्यावर एचएलए आणि योनिमार्गातले जीवाणू पाहिलेस, तरी तीन-चार वर्षांत बसणारं चांगलं काम होईल.

वर्षाने तपासायचं म्हणजे कधी, हेही आताच ठरव. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत केज किंवा आष्टीच्या गावात गेलीस तर तुला म्हाताऱ्या आणि शाळकरी मुलंच भेटतील. पुन्हा न भेटलेल्या बाईला 'संपर्क तुटला' असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच बायका सर्वांत गरीब आणि सर्वांत जास्त धोक्यातल्या. त्या गळाल्या तर तुझं उत्तर फक्त घरी राहू शकणाऱ्यांपुरतं उरेल.

आणि ज्यांची पिशवीच, म्हणजे गर्भाशयच, काढलेली आहे त्यांचं काय? बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी तरुण वयातच काढली गेली. २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवायला गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन सांगितलं गेल्याच्या तक्रारी होत्या. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा ते औषधाने बरं होतं. तुझ्या प्रश्नावलीत पिशवी कधी, कोणत्या तक्रारीसाठी काढली हे असू दे. त्या बायका नमुन्यातून वगळाव्याच लागतील, पण किती वगळल्या ते लिही. ज्या गावात तक्रार असणाऱ्या बायकांची पिशवीच उरलेली नाही, तिथलं बाधेचं प्रमाण फसवं असतं.

नमुना बाईला स्वतःला घेऊ दे. पीसीआरवर (डीएनएच्या प्रती वाढवून विषाणू शोधण्याच्या पद्धतीवर) आधारलेल्या चाचणीत स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच भरवशाचा ठरतो, आणि शेतावरून आलेल्या बाईला परक्यासमोर टेबलावर झोपावं लागत नाही. संमती तिच्याशी एकटीशी बोलून घे, सासू आणि नवरा ओसरीवर बसले असताना नको. बाधा निघाली तर निकालही तिला एकटीलाच सांग: हा कॅन्सर नाही, लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक बायकापुरुषांना तो कधी ना कधी लागतो, आणि कधी लागला, कोणाकडून, हे कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. ते गाळलं तर त्या कागदावरून तिच्या घरात मारहाण होऊ शकते.

तुझ्या अंदाजपत्रकात सिक्वेन्सिंगला म्हणजे डीएनए वाचण्याला, रसायनांना, परिषदेच्या प्रवासाला पैसे आहेत. बाधित बाईच्या कोल्पोस्कोपीला (गर्भाशयमुख भिंगातून तपासण्याला), उपचाराला आणि रुग्णालयापर्यंतच्या गाडीभाड्याला एक रुपयाही नाही. तो रकाना आधी भर, सिक्वेन्सिंगचे नमुने कमी करावे लागले तरी चालतील. कोणत्या रुग्णालयात कोण उपचार करणार याचं लेखी पत्र मिळव आणि नव्या आराखड्यासोबत मला पाठव. तुझ्या मार्गदर्शकांशी मग मी बोलेन.

तुझी,
मॅडम