मे महिन्यात किती पानं?

प्रश्न : ताई, मी शाळेत शिकवते. माझे आजेसासरे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल कामगाराच्या घरावर कादंबरी लिहायची फार दिवसांपासून इच्छा आहे, सुरुवातीची काही पानं लिहूनही पडली आहेत. या सुट्टीत साठ हजार शब्द पूर्ण करायचे, रोज दीड हजार, असं ठरवलं आहे. गेल्या उन्हाळ्यात हेच ठरवलं होतं आणि आठवडाभरात सगळं थांबलं. काहून होते असं? लक्ष्य चुकते की मीच आळशी आहे?
— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : आळशी बाई सुट्टीत कादंबरी लिहायला घेत नाही, ती कूलरसमोर झोपते. तेव्हा तो मुद्दा सोडा. माझी सगळी नोकरी महालेखाकार कार्यालयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. आकडा समोर आला की तो कुठून आला, हे आधी विचारायची सवय अजून जात नाही.

तुमचा रोजचा दीड हजार मला ओळखीचा वाटतो. अमेरिकेत १९९९ साली काही मित्रांनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचं ठरवलं. पुढे ‘नॅनोरायमो’ या नावाने ते वेड जगभर पसरलं. तीस दिवसांनी भागलं की रोजचे १,६६७ शब्द येतात, आणि तेव्हापासून जो तो दीड-पावणेदोन हजारांच्याच गोष्टी करतो. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी हा खेळ जुलैत झाला आणि दुसऱ्या वर्षी मुद्दाम नोव्हेंबरात नेला. तिकडे नोव्हेंबरची हवा इतकी खराब की घराबाहेर पडावंसं वाटत नाही, मग बसा लिहीत.

आपला मे महिनाही तसाच, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, भर दुपारी बर्डीच्या बाजारातसुद्धा शुकशुकाट असतो. पण थंडीत माणूस शाल गुंडाळून लिहू शकतो. पंचेचाळीस अंशांत काय गुंडाळणार? २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. त्या दुपारी कुणी दीड हजार शब्द लिहिले असतील तर मला ते वाचायचे नाहीत.

शिवाय ती मोजणी इंग्रजीतली. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत मावतो. तुमचे साठ हजार म्हणजे तुम्हाला वाटतं त्याहून बरंच जाड पुस्तक.

आता वही काढा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीकडे उघडतात, म्हणून पुण्याच्या मैत्रिणीपेक्षा तुम्हाला थोडे दिवस जास्त मिळतात. कागदावर पन्नासेक दिवस धरू. त्यातून घरातली लग्नं वजा करा. माहेर वजा करा. पापड-कुरड्यांचे दिवस, शाळेचं काही काम निघालं तर ते, आणि पोट्टे दिवसभर घरात असल्याने वाया जाणारे दिवस. सासूबाईंचं दुखणं-खुपणं मी धरतच नाही. तीस उरले तर पुष्कळ झालं. त्या तिसांत रोज सहाशे शब्द, म्हणजे फुलस्केपची अडीच-तीन पानं. झाले अठरा हजार. हा तुमच्या कादंबरीचा जवळजवळ पहिला तृतीयांश आहे आणि या उन्हाळ्याचं लक्ष्य तेवढंच. साठ हजारांचं नाव काढायचं नाही.

अठरा हजारसुद्धा भिंतीवर लिहून लावू नका. त्याऐवजी पंधरा प्रसंगांची यादी लावा. एक प्रसंग बाराशे शब्दांचा, दोन सकाळी मिळून एक. पगाराच्या दिवसाची संध्याकाळ. तिसऱ्या पाळीवरून आलेला बाप आणि शाळेत निघालेली पोरगी, दोघं दारात एकमेकांना ओलांडतात तो क्षण. संपाच्या काळात किराणावाल्याने उधारी बंद केली तो दिवस. ‘आज सहाशे शब्द’ म्हणत बसलेली बाई वर्णनं वाढवते. ‘आज किराणावाला’ म्हणत बसलेलीला किराणावाल्याला बोलतं करावंच लागतं.

एक धोका आधीच सांगते. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्यावरून जमशेटजी टाटांनी मिलचं नाव ठेवलं. हे तुम्हाला पाठ असणार आणि कादंबरी तिथूनच सुरू करायचा मोह होणार. मला वाटतं, लिहून पडलेली ती पानं याचीच असावीत. त्यांना या सुट्टीत हात लावू नका.

वेळ पहाटेची. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं, पाचला बसलात तर साडेसातपर्यंत डोकं चालतं. रात्रीचं म्हणाल तर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, भरवसा नाही. दुपारी मागचं वाचावं, नावांची आणि वयांची यादी करावी, मिलमधल्या म्हाताऱ्यांना काय विचारायचं ते लिहून ठेवावं. कूलरसमोर बसणार असाल तर शाईचं पेन नको, तुषार उडून अक्षरं पसरतात.

अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचा मला नोकरीत फार आधार वाटायचा. तोही सरकारी माणूस, टपाल खात्यातला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. रोजची पानं वहीत टिपायचा, म्हणजे रिकामा गेलेला दिवस डोळ्यांपुढे राहावा. त्याच्या मरणानंतर १८८३ साली आत्मचरित्र निघालं आणि ही पद्धत वाचून टीकाकारांनी नाकं मुरडली. त्याची वही घ्या, पाव तासाचा वेग राहू द्या. त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला नोकर होता, वर्षाला पाच पौंड जास्तीचे देऊन ठेवलेला. कूलरची टाकी तर त्याला कधी भरावीच लागली नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, मे महिना घरून काम करायला नागपूरला येतो. कादंबरीची सात प्रकरणं झाली आहेत. पण रोज बसलो की पहिल्यापासून वाचतो, दुरुस्त करतो आणि वेळ संपतो. मित्र म्हणतो, रोजचा शब्दांचा आकडा ग्रुपवर टाकत जा, लाज वाटून तरी पुढे जाशील.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, ग्रुपवर आकडा टाकला की तुम्ही ग्रुपसाठी लिहू लागाल, आणि तिथे कुणीतरी चार हजारवाला निघतोच. एकाच माणसाला सांगा. तो असा निवडा की विचारेल, पण वाचायला मागणार नाही. माझ्याकरिता हे काम शेजारच्या काकू करायच्या. ‘झालं का गं तुझं आजचं?’ एवढंच विचारायच्या.

सात प्रकरणांच्या फायलीचं नाव बदला आणि ती आईच्या लॅपटॉपवर ठेवा. नव्या फायलीत आठव्याचं पहिलं वाक्य. मागे काही बदलावंसं वाटलं तर कागदावर टिपून ठेवा : ‘तिसऱ्यात मामाला मिशी द्यायची.’ आठव्यात मामा मिशीसकटच येऊ दे. माहिती अडली तर तिथे रिकामी रेघ सोडून पुढे जा. आठवड्यातून एक संध्याकाळ झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात जाऊन त्या रेघा भरा. लक्ष्य विचाराल तर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागायच्या आत, २५ मेपर्यंत, आठवं आणि नववं. कसंही लिहिलेलं चालेल.

प्रश्न : निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. एका दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी लिहीन म्हणतो. उन्हाळाभर आरामशीर लिहून सप्टेंबरात पाठवली तर चालेल ना?
— एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : नाही चालणार. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टमध्येच मजकूर मागतात. पुढे मुद्रितं, चित्रं, जाहिराती असतात. तुमची तारीख मृग नक्षत्राची धरा, ७ जूनच्या आसपास पहिला खर्डा पूर्ण. मग तीन आठवडे तो कपाटात. एकदा पाऊस सुरू होऊन डोकं थंड झालं की काढा आणि जुलैत कापा.

‘वेळच वेळ’ याची मात्र मला भीती वाटते. नोकरी असताना मी पहाटेचे दोन तास धरून लिहीत असे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दिवसभर मोकळी होते आणि सगळे दिवस वर्तमानपत्रात गेले. तुम्हीही दोनच तास ठरवा आणि ते संपले की उठा, जमत असलं तरी उठा.

पानांची मर्यादा संपादकांना आजच पत्र टाकून विचारा. प्रत्येक अंकाचा हिशेब वेगळा असतो. आणि टाइप नातवाकडून करून घेणार असाल, तर त्याची शाळा उघडायच्या आत कागद त्याच्या हातात द्या.